रुग्णालयाची वीज कोण खातं? हवा!

रुग्णालयाच्या वीजबिलाचा विषय निघाला की बोट एमआरआय, सीटी स्कॅनकडे जातं. प्रत्यक्षात बिलाचा फार मोठा वाटा हवेवर खर्च होतो. ती गाळायची, थंड करायची, कोरडी करायची आणि चोवीस तास डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळांमधून, ढकलत राहायची.

ऑपरेशन थिएटरचंच बघा. अमेरिकेतल्या 'ॲशरे' या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार तिथली हवा तासाला किमान 20 वेळा बदलावी लागते, म्हणजे दर तीन मिनिटांनी एकदा. आतला दाब बाहेरच्या पॅसेजपेक्षा जास्त हवा, म्हणजे दार उघडलं तरी पॅसेजमधले जंतू आत येत नाहीत. हवेतून पसरणारा आजार झालेल्या रुग्णाच्या खोलीत नेमकं उलट, तिथली हवा बाहेर पसरता कामा नये. त्यात दमटपणाची भर. हवेतलं पाणी काढायचं तर ती साधारण 12-13 अंशांपर्यंत गार करावी लागते; मग ती सोसवत नाही म्हणून पुन्हा तापवतात. एकाच हवेवर दोनदा ऊर्जा! चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, जी उष्णता छतावरून बाहेर फेकतो, तीच वळवून इथे वापरली तर हा दुसरा खर्च बराचसा वाचतो.

आणि रात्री थिएटर रिकामं असताना? दाबाची दिशा टिकत असेल तर हवेचं प्रमाण कमी करायला मानकाची हरकत नाही. इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला की वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते. इतकी स्वस्त बचत दुसरी क्वचितच सापडेल.

साध्या वॉर्डांना तर थिएटरसारखी हवा लागतच नाही. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत संशोधकांनी खिडक्या उघड्या ठेवून मोजमाप केलं. 1950 पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांमध्ये हवा तासाला 40 वेळा बदलत होती, 1970 नंतर बांधलेल्या खोल्यांमध्ये 17 वेळा. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांसाठी त्यांनी धरलेला आकडा होता 12. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. अर्थात बाहेर धूळ, धूर किंवा कडाक्याचा उन्हाळा असेल, तर नुसत्या खिडकीवर भागत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना गाळलेली हवाच हवी. म्हणूनच सगळ्या इमारतीला एकच नियम लावणं मला चुकीचं वाटतं.

रुग्णाला काय सोसतं, हा प्रश्नही इथेच येतो. रुग्ण दिवसचे दिवस आडवा असतो, त्याला दिसतं ते छत. फिनलंडमधलं पाइमिओचं क्षयरोग आरोग्यधाम 1933 मध्ये पूर्ण झालं. वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी तिथल्या खोल्यांची छतं गडद हिरवी रंगवली, दिवे पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे बसवले आणि बेसिनला असा उतार दिला, की पाणी आवाज न करता पडावं. शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये, एवढाच हेतू! रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे 8.70 दिवसांत, झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान होता, पण खिडकीकडे बघण्याची दृष्टी त्याने बदलली. त्या खिडकीवर बाहेरून सावली धरली की उजेड मिळतो, ऊन आत येत नाही आणि एसीवरचा भारही हलका होतो.

आवाजाचं गणितही विजेशी जोडलेलं आहे. रात्री वॉर्डात 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अरुंद डक्टमधून हवा वेगाने ढकलली की घोंघावते आणि पंख्यावरचा ताणही वाढतो. रुंद डक्ट दोन्ही त्रास कमी करतो, पण त्याला छताच्या वर जागा लागते आणि मजल्याची उंची पहिल्या नकाशातच ठरून जाते. एसीचा अभियंता त्यानंतर आला, तर उरलेल्या फटीत डक्ट कोंबण्यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही राहत नाही. त्याला आणि रात्रपाळी करणाऱ्या नर्सला पहिल्या नकाशाच्या वेळीच बोलवायला हवं.