बिरड्यात गूळ-आमसूल शेवटीच का?

श्रावणी सोमवार असो की गौरी-गणपती, वालाच्या बिरड्याशिवाय कोकण-मुंबईकडच्या अनेक घरांत सणाचं पान पुरं होत नाही. चांगल्या बिरड्याची खूण एकच. डाळिंबी, म्हणजे मोड आणून सोललेला वालाचा दाणा, अख्खी दिसली पाहिजे आणि जिभेने दाबताच विरघळली पाहिजे. मऊ असणं आणि अख्खं राहणं या एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आहेत. त्या दोन्ही साधतात त्या कोणता पदार्थ कधी घातला यावर.

कडवे वाल म्हणजे लॅबलॅब पर्प्युरियस. भातकापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात हे पीक निघतं. पोपटीत, म्हणजे शेतावर मडक्यात, भाजल्या जातात त्या शेंगाही वालाच्याच. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिनमुळे. शिजणं म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन विरघळणं आणि आतला स्टार्च पाणी पिऊन फुगणं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनच्या धाग्यांना गाठी मारतात, तर आम्ल पेक्टिनला विरघळू देत नाही. आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं. गुळात कॅल्शियम असतं, शिवाय साखरही दाण्याचं मऊ होणं लांबवते. म्हणून गूळ-आमसूल आधी पडलं तर तासभर उकळूनही डाळिंबी आत कचकचीतच राहते. पूर्ण शिजल्यावर घातलं तर तेच आम्ल आणि तोच गूळ तिला फुटण्यापासून वाचवतात.

सहा जणांना २५० ग्रॅम वाल पुरतात. सोमवारच्या नैवेद्यासाठी शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास ते लिटरभर पाण्यात भिजत घाला. रात्री दहाला उपसून ते पाणी फेकून द्या. सालातलं तुरट टॅनिन आणि पोटात वायू धरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करांचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. मग वाल धुऊन ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवा, म्हणजे खाली पाणी साचणार नाही. राजमा-छोले भिजवताना पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ पडतं, हे खरं आहे. पण वालाला मोड आणायचे असल्यामुळे इथे मीठ नको, खारट पाण्यात कोंब अडतो.

पावसाळी हवेत २४ तासांत सेंटीमीटरभर मोड येतात. तेवढ्या वेळात दाणा स्वतःच त्या वायूकारक शर्करा वापरू लागतो, म्हणून मोडाचे वाल पोटाला हलके. दर आठ तासांनी पुरचुंडी सोडून वाल धुवा. धुतले नाहीत तर दाणे बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो. तो जिवाणूंचा असतो, आणि असे वाल कितीही धुतले तरी सुधारत नाहीत. मोड फार लांबले तर दाण्यातला गर खर्ची पडतो आणि सोलताना दोन फाका सुट्या होतात.

रविवारी रात्री सोलायला बसा. मोडाचे वाल कोमट पाण्यात १५-२० मिनिटं ठेवायचे. हात सहज घालता येईल इतपतच कोमट. पाणी ५५-६० अंशांवर गेलं की दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि पेक्टिनला कॅल्शियमशी जास्तच घट्ट बांधतं. मग त्या डाळिंब्या दाठरच राहतात. मोडाच्या विरुद्ध टोकाकडे अंगठा आणि तर्जनीने हलकेच दाबलं की चिरलेल्या सालातून फिकट, गुळगुळीत डाळिंबी टुपकन बाहेर येते. तासाभराचं काम आहे, चार हात असतील तर अर्ध्या तासाचं. सोललेल्या डाळिंब्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा.

सोमवारी पातेल्यात तीन चमचे तेल, जिरं, हिंग, हळद आणि त्यावर डाळिंब्या. दोन मिनिटं परतून दोन वाट्या कढत पाणी घाला आणि पहिली पाच मिनिटं झाकण नको. वालात सायनोजेनिक ग्लायकोसाइड, म्हणजे विषारी सायनाइड सोडणारी द्रव्यं, असतात. भिजवण्यात आणि मोड येण्यात त्यांतून सुटणारं हायड्रोजन सायनाइड उघड्या उकळीत वाफेबरोबर निघून जातं. कच्चे कडवे वाल खायचे नाहीत ते यासाठीच. नंतर ताटलीत पाणी घालून ती झाकण म्हणून ठेवा. रस आटला तर ताटलीतलंच गरम पाणी आत ओता, म्हणजे उकळी मोडत नाही. साल नसल्यामुळे १२ ते १५ मिनिटं पुरतात. कुकर मात्र नकोच. १२० अंशांच्या आसपास सोललेल्या डाळिंबीचं पिठलं होतं. सोड्याने पेक्टिन झपाट्याने विरघळतं, पण ब-१ जीवनसत्त्वही जातं आणि साबणासारखी चव मागे राहते.

डाळिंबी बोटात दाबा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर अजून तीन मिनिटं. तो गेला की मीठ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चार मिरच्या, जिरं आणि कोथिंबिरीचं वाटण, सुपारीएवढा गूळ आणि तीन आमसुलं घाला. नैवेद्याला कांदा-लसूण नसतोच. डाव फिरवू नका, पातेलं फडक्याने धरून हिसळा. पाच मिनिटांनी आच मंद करून वाटीभर दाट नारळाचं दूध घाला आणि वाफ दिसू लागताच गॅस बंद करा. ८० अंशांच्या आसपास नारळातली प्रथिनं साखळतात, आंबटपणा जास्त असेल तर त्याआधीच, आणि तेल वेगळं होतं. म्हणून आमसुलं तीनच.

सगळं नीट करूनही बिरडं शिजत नसेल तर दोष वालांचा किंवा पाण्याचा. उष्ण-दमट जागी वर्षभर पडलेल्या वालांत फायटिक आम्ल हळूहळू तुटतं. त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होऊन पेक्टिनला जखडतं. त्यावर उपाय नाही. सणासाठी याच हंगामाचे वाल घ्या. बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर ते उकळून, निवळून वरचं पाणी वापरा.

परदेशात वाल मिळाले नाहीत आणि राजम्यावर भागवायचं असेल, तर तो थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. राजम्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन (लेक्टिन) मंद आचेवर नष्ट होत नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळल्यावरच पुढचं.

उरलेलं बिरडं दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, कारण थंडीत स्टार्च आवळून बसतो. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर तापवा, उकळी मात्र येऊ देऊ नका.