वात आणि स्मृतिभ्रंश: उतारवयातले दोन वेगळे गोंधळ

ताप चढलेला माणूस बरळू लागला की ‘त्याला वात झाला’ असे म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. त्या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा शब्द आता बहुतेकांच्या कानांवरून गेलेला असतो. दोन्हींत वृद्ध माणूस गोंधळतो, वेळकाळ चुकतो, कधी घरच्यांनाही ओळखत नाही; त्यामुळे एकाला दुसरे समजण्याची चूक घरात होते तशी रुग्णालयातही होते.

वृद्धांवर उपचार करणारा मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी स्मरणशक्तीच्या परीक्षेने सुरुवात करत नाही. तो रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाला विचारतो, ‘हे कधीपासून?’ ‘परवापर्यंत हिशेब स्वतः लिहीत होते’ असे उत्तर आले, तर तो डेलिरियमच्या दिशेने विचार करू लागतो, कारण डेलिरियम काही तासांत किंवा दिवसांत उद्भवतो. अल्झायमरसारख्या आजारातला स्मृतिभ्रंश मात्र महिने आणि वर्षे घेत हळूहळू वाढतो आणि त्याची सुरुवात नेमकी कधी झाली हे घरच्यांना बहुधा सांगता येत नाही. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश पक्षाघातानंतर एकदम दिसू शकतो, एवढा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा लागतो.

दुसरी खूण लक्ष देण्याच्या शक्तीची आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे पाहिले जात नाही. वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले, तर सुरुवातीच्या स्मृतिभ्रंशातला रुग्ण अडखळतो, पण बहुधा धागा धरून राहतो. डेलिरियमचा रुग्ण दोन महिने म्हणून थांबतो, खिडकीकडे पाहतो आणि काय विचारले होते तेच विसरतो. शिवाय त्याची अवस्था दिवसभर सारखी राहत नाही. सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री सलाइनची नळी उपसून काढतो, आणि सकाळच्या फेरीत त्याला पाहिलेल्या डॉक्टरांना घरच्यांचे सांगणे अतिशयोक्तीचे वाटते.

अर्थात प्रत्येक रुग्ण आरडाओरडा करत नाही. डेलिरियमचा एक शांत प्रकार असतो. त्यात माणूस मलूल पडून राहतो, विचारले तर उशिरा आणि तुटक बोलतो. कुणाला त्रास देत नसल्याने त्याच्यासाठी तज्ज्ञाला बोलावणे जात नाही, आणि गेले तर बहुधा नैराश्याच्या शंकेने जाते.

या भेदाचे महत्त्व उपचारात आहे. डेलिरियमच्या मागे शरीरातले काहीतरी बिघडलेले असते: लघवीच्या मार्गाचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातले सोडियम उतरणे, तुंबलेली लघवी, खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया, एकाएकी सुटलेली दारू. औषधांचा वाटा तर फार मोठा. सर्दी किंवा खाज यांवरच्या, झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि ॲमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधे ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या रसायनाचे काम अडवतात, म्हणून तज्ज्ञ औषधांच्या सगळ्या पट्ट्या समोर मांडून पाहतो. मूळ कारण दूर करणे हाच खरा उपचार. त्याच्या जोडीला चष्मा, श्रवणयंत्र, समोर घड्याळ, दिवसा उजेड आणि ओळखीचा चेहरा यांचा उपयोग होतो. गोंधळ वाढला म्हणून झोपेची गोळी दिली तर तो बहुधा आणखी वाढतो. दारू सुटल्याने आलेल्या डेलिरियमचे उपचार मात्र वेगळे असतात. स्मृतिभ्रंशात डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य होतात, तरी आजार पुढे सरकतच राहतो.

प्रत्यक्षात दोन्ही अवस्था एकाच माणसात भेटतात, कारण स्मृतिभ्रंशाने आधीच दुबळ्या झालेल्या मेंदूला डेलिरियम व्हायला किरकोळ ताप किंवा बद्धकोष्ठही पुरते. लेवी बॉडी प्रकारच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या साचून होणाऱ्या, स्मृतिभ्रंशात तर भानातले चढउतार आणि नसलेली माणसे दिसणे ही त्या आजाराचीच लक्षणे असतात, आणि भास थांबवण्यासाठी सहज दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलने असा रुग्ण पार ताठरून जाऊ शकतो.

म्हणूनच रुग्णालयातल्या गोंधळाच्या दिवसांत घेतलेल्या स्मरणपरीक्षेच्या गुणांवरून तज्ज्ञ स्मृतिभ्रंशाचे निदान लिहीत नाही. डेलिरियम ओसरायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. तो ओसरल्यावर ती परीक्षा पुन्हा घेतली जाते.