अथेन्सचा 'फ' आणि आपला 'फ'

तळहात ओठांसमोर धरा. आधी 'पळ' म्हणा, मग 'फळ'. 'पळ'ला हाताला फारसं काही जाणवत नाही, 'फळ'ला हवेचा झोत लागतो. मात्र हा 'फ' जुन्या वळणाचा हवा, दोन्ही ओठ पुरते मिटून केलेला. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून 'फॅन'मधला 'फ' म्हणालात, तर प्रयोग फसला.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये बोलल्या जाणाऱ्या ॲटिक ग्रीक बोलीत नेमका हाच फरक होता. भूमितीत आपण वापरतो त्या थीटाचा उच्चार 'थ', फायचा 'फ' आणि संख्याशास्त्रातल्या 'काय-स्क्वेअर'मधल्या काय या अक्षराचा 'ख'. शेजारी प, त, क आणि ब, द, ग. म्हणजे आपल्या वर्गांतली पहिली तीन व्यंजनं. घ, ध, भ तेवढे नाहीत. इंग्रजी भाषकाला 'प' आणि 'फ' वेगळे काढायला खूप सराव करावा लागतो. आपल्याला ते मुळाक्षरांतच मिळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हे उच्चार कळले कसे? इ.स.पू. पाचव्या शतकातला विनोदी नाटककार क्रॅटिनस याच्या एका ओळीत एक मूर्ख माणूस मेंढीसारखा आवाज काढत चालतो. तो आवाज बीटा आणि ईटा या अक्षरांनी लिहिलाय. आजच्या ग्रीक उच्चाराने तो 'वी वी' होतो, आणि मेंढी काही 'वी वी' करत नाही. तेव्हा बीटा 'ब' होता, आणि ईटा म्हणजे तोंड चांगलं उघडून लांबवलेला 'ए': 'बॅऽ बॅऽ'.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो खापरांचा पुरावा. अथेन्सचे नागरिक फुटक्या भांड्यांच्या खापरांवर नाव कोरून एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करत. थेमिस्तोक्लेसच्या नावाची सुमारे १९० खापरं ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एकाच विहिरीत सापडली. त्याच्या नावाच्या खापरांवर पुष्कळदा 'थेमिस्थोक्लेस' असं कोरलेलं दिसतं. सुरुवातीचा 'थ' पुढच्या 'त'लाही महाप्राण, म्हणजे हवेच्या झोताचा, करून गेला! शुद्धलेखन सांभाळणाऱ्या पंडिताकडून हे कधी कळलं नसतं. नावाच्या शेवटचा 'ए' दीर्घ आहे, तरी तो साध्या एप्सिलॉनने लिहिलाय, कारण अथेन्सच्या जुन्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ 'ए'ला एकच अक्षर होतं. ईटा तिथे 'ह'साठी राखलेला. आशिया मायनरमधल्या आयोनियात 'ह' बोलण्यातून गेला होता, म्हणून तिथल्या लोकांनी ते रिकामं झालेलं अक्षर दीर्घ 'ए'ला दिलं. इ.स.पू. ४०३ मध्ये युक्लिडीस आर्कन, म्हणजे नगराचा मुख्य अधिकारी, असताना अथेन्सने ही आयोनियन वर्णमाला अधिकृतपणे स्वीकारली. तोंडातला 'ह' तसाच राहिला, त्याचं अक्षर मात्र गेलं.

संस्कृतही साक्षीला येते. ग्रीकमध्ये केस म्हणजे 'थ्रिक्स', पण केसाचा म्हणजे 'त्रिखोस'. 'थ'चा 'त' का झाला? शाळेतलं 'बभूव' आठवा. 'भू'ची द्विरुक्ती होताना 'भभूव' होत नाही, 'धा'चं 'धधाति' न होता 'दधाति' होतं. लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले की पहिला अल्पप्राण, म्हणजे बिनझोताचा, होतो. हा नियम दोन्ही भाषांत चालतो, हे जर्मन विद्वान हर्मान ग्रासमान यांनी १८६३ मध्ये दाखवलं. 'थ्रिक्स'मध्ये 'स'च्या आधी आल्याने 'ख'चाच 'क' झाला, म्हणून 'थ' वाचला. थीटा आणि 'त' यांचं नातं आपल्या 'थ'-'त'सारखंच होतं, याचा हा भक्कम पुरावा.

पुढे हा 'फ' बदलला. रोमन लोकांकडे एफ हे अक्षर होतं, तरी ग्रीक फाय ते आधी नुसत्या पीने आणि नंतर पी-एचने लिहीत. पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर 'दाफ्ने' हे ग्रीक नाव एफ घालून लिहिलेलं सापडतं. काहींच्या तोंडी तरी 'फ' ओठांवरून दातांकडे सरकला होता.

आपल्याकडेही तो सरकतोय. आजी 'फुलं' म्हणते तेव्हा तिचे दोन्ही ओठ मिटतात; नात तोच शब्द म्हणते तेव्हा तिचे वरचे दात खालच्या ओठावर टेकतात.