दुसऱ्या अल्बममागची मारबत

नागपूरच्या एका रॉक बँडच्या दुसऱ्या स्टुडिओ अल्बमबद्दल बोलताना सगळेच 'काळा विनोद' म्हणतात आणि त्याची मुळं परदेशी बँडांत शोधतात. ती नागपूरच्या इतवारीत आहेत. पीडा गावाबाहेर घालवायला तिथे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. तान्ह्या पोळ्याला त्यांच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांच्या, म्हणजे पुरुषी पुतळ्यांच्या, गळ्यात महागाई, भ्रष्टाचार, पेपरफुटीच्या पाट्या असतात. ही गाणी त्याच सुरात लिहिलेली आहेत.

देशातल्या रॉकचा इतिहास मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या महोत्सवापासून सांगायची पद्धत आहे. नागपुरात हे संगीत कॅसेटमधून आणि इंजिनीअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमधून पोचलं. बँडचा पहिला अल्बम इंग्रजीत होता, वाजवलेला चोख, पण कुठल्याही शहरात बसला असता. नंतर घरच्या लॅपटॉपवर मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग जमू लागलं, स्ट्रीमिंग आलं. गाणं कुणाला आवडेल हे आधी कंपनीला पटवून देण्याची गरज उरली नाही. दुसऱ्या अल्बममध्ये 'काऊन बे' आणि 'मरून राहिलो' अशी नागपुरी बोली बिनदिक्कत आली ती त्यामुळे.

मारबतीवरचं गाणं ऐकून बघा. सुरुवातीला गिटार गप्प असते. ड्रमवर संदलचा, म्हणजे मिरवणुकीतल्या ढोलताशांचा, ठेका धरलेला, त्यावर एकेक पीडा मोजली जाते: मे महिन्यात गेलेली लाइट, क्लासची फी, दवाखान्याचं बिल, बापाचं कर्ज. दरवेळी कोरस ओरडतो, 'घेऊन जा गे मारबत!' शेवटची पीडा म्हणजे गाणारा स्वतः. तिथे हसू फुटतं आणि लगेच अडकतं.

वाद याच गाण्यावर झाला. पहिल्या मसुद्यात काळ्या मारबतीला बांकाबाई म्हटलं होतं: नागपूरच्या भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळून राज्य घालवणारी गद्दार म्हणून. रेकॉर्डिंगच्या वेळी ते नाव काढलं. बँडमध्येच दोन तट पडले आणि ऐकणाऱ्यांतही अनेकांना ही माघार वाटली. नाव ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता: मिरवणुकीत लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचंच नाव घेतात, मग गाण्यानं सोवळं का पाळायचं?

सनावळी मात्र वेगळं सांगते. राज्याला इंग्रजांच्या दावणीला बांधणारा तैनाती फौजेचा तह १८१६ चा आणि तो केला आप्पासाहेब भोसल्यांनी. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपूरची खरी सत्ता रेसिडेंटकडे, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे, गेली. दुसऱ्या रघुजींची विधवा बांकाबाई अल्पवयीन तिसऱ्या रघुजींची पालक झाली ती त्या पराभवानंतर. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं तेव्हा दत्तकाचा हक्क मिळावा म्हणून झगडली तीच. १८५७ मध्ये तिनं उठावाला साथ दिली नाही, उलट लोकांना आवरलं, हे खरं आहे आणि तिच्यावरचा राग तिथलाच असावा. पण ती १८५८ मध्ये वारली, आणि काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात, पिवळी १८८५ पासून. म्हणजे मधे वीसहून अधिक वर्षं गेली. शिवाय विदर्भातल्या खेड्यापाड्यांत रोगराई शिवेबाहेर टाकायला मारबत काढतात, तिथे बांकाबाईचा संबंधच नाही. काही जण मारबतीला पूतना मानतात. हरलेल्या राज्याचं सगळं खापर एका म्हाताऱ्या विधवेच्या डोक्यावर फोडणं सोपं होतं. दरबारातले पुरुष, सावकार, सरदार यांचे पुतळे कुणी केले नाहीत.

म्हणून नाव काढलं ते योग्यच झालं. गाणं त्यानं मिळमिळीत झालेलं नाही. बडग्याचा धर्म आज छळणाऱ्याला धरायचा आहे. गाण्यातलं दवाखान्याचं बिल आज छळतं, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गेलेली बाई नाही.

अल्बममधल्या बाकी गाण्यांना इतका मागचा इतिहास नाही. स्मशानातल्या लाकडाच्या भावावरचं गाणं आणि लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचं गाणं, दोन्ही ताजी, रोजच्या बोलण्यातून उचललेली. त्यांची चाल पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीची, तिथल्या लोकनाट्याची, आठवण देते, पण ओढून नातं जोडण्यात अर्थ नाही.

कार्यक्रमात अजूनही प्रेक्षकांतून बांकाबाईचं नाव ओरडलं जातं. बँड त्यावर काही बोलत नाही, ठेका पुढे नेतो. माझ्या मते बोलायला हवं. तह कुणी केला आणि ती कधी वारली, एवढं गाण्याआधी सांगायला अर्धं मिनिट पुरेल.