हलके रोलर टाकले की स्कूटर उडते? खुलासा

‘हलके रोलर टाक, गाडी उडेल.’ गुहागरपासून मालवणपर्यंत हा सल्ला फुकट मिळतो. अर्धा खरा आहे, म्हणूनच इतकी वर्षं टिकलाय.

व्हेरिएटर म्हणजे स्कूटरमध्ये गिअरचं काम आपोआप करणारी पुली. तिच्यातले छोटे वजनदार रोलर ताकद तयार करत नाहीत. इंजिन किती फेऱ्यांवर असताना बेल्ट पुढे सरकणार, म्हणजे जणू वरचा गिअर पडणार, एवढंच ते ठरवतात. हलके रोलर उशिरा सरकतात, इंजिन चढ्या फेऱ्यांवर राहतं. पण ११० सीसीच्या बऱ्याच स्कूटरची कमाल ताकद मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्यापुढे नुसता आवाज. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबिल या गाडीचा क्लचही (तिथे व्हेरिएटरला क्लच म्हणतात) याच तत्त्वाचा. तिथे कमी अंतराच्या शर्यतीसाठी वजनं निवडतात ती इंजिन कमाल ताकदीच्या फेऱ्यांवर टिकावं म्हणून, हलकी तेवढी बरी म्हणून नव्हे.

मग पिकअप आल्यासारखा का वाटतो? जुना रोलर हातात घेऊन फिरवा. एका बाजूला घासून सपाट झालेला असतो, सरकताना अडकतो. मूळ वजनाचे नवे टाकले असते तरी गाडी तशीच सुटली असती!

पुळणीत चाक जागीच फिरतं, तो तर व्हेरिएटरचा दोषच नाही. स्नोमोबिलचा जमिनीवर फिरणारा रुंद पट्टा वजन पसरवतो. स्कूटरचं अरुंद चाक जोर दिला की खड्डा खणतं. हवा थोडी कमी केली तर टायर जास्त टेकतो, मात्र डांबरावर येण्याआधी भरायचीच. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते खरी, पण खारं पाणी बेअरिंगला सोडत नाही.