स्वान कार (हंस मोटार)

स्वान कार : हंसाच्या आकाराची बॉडी असलेली ब्रिटिश बनावटीची मोटारगाडी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथील जे. डब्ल्यू. ब्रूक अँड कंपनीने ती १९१० मध्ये बांधली. कलकत्त्यातील धनिक अभियंते रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन यांनी ती खास मागणी नोंदवून करवून घेतली होती. पुढे ती पंजाबातील नाभा संस्थानाच्या राजघराण्याकडे गेली व १९९१ पासून नेदरलँड्समधील लाउमन संग्रहालयात आहे.

ब्रूक कंपनीचा मूळ धंदा ओतशाळेचा. इंजिने आणि मोटारबोटी यांत तिचा जम बसला. मोटारगाड्या तिने १९०१ ते १९१३ अशी जेमतेम बारा वर्षे काढल्या. पाण्यावर तरंगणाऱ्या पक्ष्याचे रूप चार चाकांवर उतरविण्याचे काम बोटी बांधणाऱ्या कारखान्याकडे यावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. गाडीचा उल्लेख ‘२५/३० अश्वशक्ती’ असा केला जातो. असे जोडआकडे देण्याची त्या काळी इंग्लंडमध्ये प्रथा होती. त्यांतील पहिला आकडा बहुधा करआकारणीचा व दुसरा इंजिनाच्या प्रत्यक्ष ताकदीचा असे. करआकारणीच्या सूत्रात सिलिंडरांची संख्या व व्यास एवढेच धरले जात, दट्ट्याच्या धावेची लांबी धरली जात नसे. त्यामुळे या आकड्यांची आजच्या अश्वशक्तीशी थेट तुलना करणे योग्य नाही.

गाडीच्या पुढील भागी हंसाची मान व डोके असून डोळ्यांत विजेचे दिवे बसविलेले आहेत. चोच इंजिनाच्या शीतन यंत्रणेला जोडलेली आहे. चालकाने ती उघडली की तीतून वाफेचा फवारा सुटे व रस्त्यावरील गर्दी बाजूला होई. मागील बाजूस झडप असून तीतून कालवलेला चुना रस्त्यावर सोडता येई, म्हणजे हंसाने जाता जाता घाण केल्याचा भास होई. बॉडीवर सोन्याच्या वर्खात कमळाची नक्षी आहे. टायरांना चिकटणारी हत्तीची लीद झाडण्यासाठी ब्रश लावलेले होते, तर चालकाला हुकूम देण्यासाठी मागे बसणाऱ्यांच्या हाताशी जहाजावर असतो तसा टेलिग्राफ (हुकूम कळविण्याचे यंत्र) होता.

यांत सर्वांत लक्षणीय आहे तो भोंगा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा प्रवाह वळवून त्यावर नळ्या वाजविण्याचे हे तंत्र ‘गॅब्रिएल हॉर्न’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणले. स्वान कारमध्ये ऑर्गनसारख्या आठ नळ्या असून त्या पट्ट्यांच्या साहाय्याने वाजविता येतात. साध्या भोंग्यातून एकच सूर निघतो. येथे मात्र वाजविणाऱ्याला सुरावट काढता येते.

गाडीची किंमत दहा ते पंधरा हजार पौंड सांगितली जाते. त्याच सुमारास रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची नुसती चॅसी (बॉडीविना इंजिन व चाकांसह सांगाडा) ९८५ पौंडांना मिळे, हे ध्यानात घेता हा आकडा जपूनच स्वीकारावा. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा कलकत्त्यात एकच गोंधळ उडाला व पोलिसांनी तिच्यावर बंदी घातली, असे सर्वच वृत्तांतांत येते. तपशिलांत थोडीफार भर पडली असली, तरी मॅथ्यूसन यांच्याकडे ती फार काळ राहिली नाही, याच्याशी ही हकिकत जुळते.

खरेदी कोणत्या महाराजांनी केली हे सांगताना बहुतेक लेखक ‘नाभाचे महाराज’ एवढेच लिहितात. महाराजा हीरासिंग यांचे डिसेंबर १९११ मध्ये निधन झाले व त्यांचे पुत्र रिपुदमनसिंग गादीवर आले. गाडी १९९१ पूर्वी सत्तर वर्षांहून अधिक काळ या घराण्यात होती, असे मानले जाते. तो हिशेब धरला तर खरेदी १९२० च्या आसपास किंवा त्याआधी, म्हणजे रिपुदमनसिंग यांच्या कारकिर्दीत पडते. हीच उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. १९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना पदत्याग करावयास लावला. त्यातूनच नाभा संस्थानातील जैतो येथे अकाली शिखांचा मोर्चा उभा राहिला आणि त्या वेळी जैतोस गेलेल्या जवाहरलाल नेहरूंना नाभाच्या तुरुंगात ठेवण्यात आले. गादी गेली, राज्यकारभार ब्रिटिश प्रशासकाकडे गेला. गाडी मात्र घराण्यातच राहिली. अनेक संस्थानी गाड्यांच्या बॉड्या बदलल्या गेल्या किंवा त्या सुटे भाग काढून मोडीत निघाल्या. हंसाचा आकार टिकला तो एकाच घरी दीर्घकाळ राहिल्यामुळे.

१९९१ मध्ये लाउमन संग्रहाने ती घराण्याकडून घेऊन तिचा जीर्णोद्धार केला. २०१० पासून हे संग्रहालय हेग येथील नव्या इमारतीत आहे. नाभाच्या महाराजांनी १९२० च्या सुमारास याच धर्तीवर करवून घेतलेली विजेवर चालणारी छोटी गाडी ‘सिग्नेट’, म्हणजे हंसाचे पिलू, या नावाने ओळखली जाते. तीही याच संग्रहात असून दोन्ही गाड्या तेथे एकत्र पाहावयास मिळतात.