प्रेस

मूळ इंग्रजी शब्द, पण नाशकात बोलण्यात पूर्ण मुरलेला. शहरात 'प्रेस घेतली' म्हणजे पत्रकार परिषद, लॉन्ड्रीत प्रेस म्हणजे इस्त्री, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पत्रा कापायचं-वाकवायचं मशीन, हे सगळ्यांना माहितीच आहे. नाशिकरोडला मात्र 'तो प्रेसला आहे' म्हटलं की माणूस नोटा नाहीतर स्टॅम्प छापायच्या सरकारी कारखान्यात कामाला आहे असंच समजतात, आणि हा अर्थ शब्दकोशात वेगळा द्यायलाच हवा.

शब्द लॅटिन 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे यावरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. गुटेनबर्गने साधारण १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झला छपाई सुरू केली, त्याचं यंत्र द्राक्षाचा रस काढायच्या स्क्रूच्या दाबयंत्रावरून बेतलं असं बरेच अभ्यासक मानतात, काही जण कागद दाबायच्या यंत्राकडे बोट दाखवतात, आणि मूळ यंत्रच शिल्लक नसल्यामुळे वाद मिटत नाही. तरी माइन्झ हा ऱ्हाईनकाठचा द्राक्षाचा मुलूख, त्यामुळे पहिलं मत जास्त पटतं.

ब्रिटिश नौदलात माणसं पकडून भरती करणाऱ्या 'प्रेस-गँग'मधला प्रेस मात्र वेगळा. तो 'प्रेस्ट' म्हणजे भरतीच्या वेळी हातावर ठेवायचे आगाऊ पैसे यावरून आलेला, पुढे जबरदस्तीमुळे 'दाबणे'वाल्या शब्दात मिसळून गेला, म्हणून दोघांची व्युत्पत्ती एकच धरू नये.

आता नाशिकरोड. आधी भारताची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. नंतर ती इथे छापणाऱ्या इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या स्थापनेचं साल कुठे १९२५ तर कुठे १९२८ दिलेलं सापडतं. १९२५ हे तिकिटं-स्टॅम्पच्या प्रेसचं आणि १९२८ हे नोटांच्या छपाईचं, म्हणजे करन्सी नोट प्रेसचं, असं धरलं की दोन्ही जुळतात आणि तेच बरोबर वाटतं. १९२९ ची विमान टपालाची आणि १९३१ ची नवी दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटं इथलीच, १९३२ पर्यंत तर भारताच्या सगळ्या किमतीच्या नोटा इथे छापल्या जायला लागल्या, पुढे पासपोर्टही आले. २००६ मधे दोन्ही प्रेस केंद्र सरकारच्या महामंडळाकडे गेल्या.

नाशकातल्याच गांधीनगरलाही भारत सरकारचा छापखाना, त्यालाही प्रेसच म्हणतात, तेव्हा कुणी नुसतं 'प्रेसजवळ' असा पत्ता दिला तर नाशिकरोड की गांधीनगर हे आधी विचारून घ्यावं.